ठाणे ते कच्छचं छोटं रण: दोन सायकली, दोन माणसं आणि प्रवासाचा एक अख्खा दिवस

ठाण्याहून निघून कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचं दसाडा किंवा झैनाबाद गाठायचं म्हणजे सुमारे ६०० किलोमीटर. थांबे धरून गाडीने बारा तास सहज जातात. सायकलचं नुकसान बहुतेक वेळा याच बारा तासांत होतं. डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो, डिस्क ब्रेकचा रोटर (चाकावरची धातूची चकती) तिरका होतो, फ्रेमचा रंग घासून खालचा धातू दिसायला लागतो. माणसांचंही तसंच असतं. दिवसभर पाणी न पिता बसून राहिलेले पाय दुसऱ्या दिवशी ऐन वेळी दगा देतात. म्हणून राइडचा आराखडा जितक्या मनापासून करता, तितक्याच मनापासून या दिवसाचाही करा.

जायचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात छोट्या रणात पाणी भरतं आणि घुडखर (रानगाढव) अभयारण्यही बंद असतं. दिवाळीच्या आसपास वरून वाळलेली दिसणारी जमीन आतून ओलीच असते. १४ जानेवारीची उत्तरायण (पतंगांचा सण) मात्र टाळाच. त्या तीन-चार दिवसांत अहमदाबादपासून विरमगामपर्यंत रस्त्यावर आडवा लोंबणारा मांजा सायकलवाल्याच्या गळ्याशी येतो आणि तो दहा फुटांवरूनही दिसत नाही.

सायकली कुठे ठेवायच्या

दोघंच जाणार असाल तर सायकली गाडीच्या आत, मागची सीट पाडून ठेवा. ६०० किलोमीटरसाठी याहून चांगली सोय नाही. धूळ लागत नाही, हॉटेलसमोर गाडी लावून निवांत जेवता येतं, नंबरप्लेट आणि मागचे दिवे उघडे राहतात, शिवाय इंधनही जास्त जळत नाही. अडचण दोनच गाड्यांत येते. सीएनजी गाडीच्या डिकीत सिलिंडर असला की जागा उरत नाही, आणि सीट सपाट न पडणाऱ्या सेडानमध्ये फ्रेम आत शिरत नाही.

अशा वेळी डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा कॅरियर हा दुसरा पर्याय. त्याचे हुक पत्र्याच्या काठालाच अडकवायचे. काच किंवा प्लॅस्टिकच्या स्पॉयलरवर ताण आला की काच तडकते, स्पॉयलर उखडतो. नायलॉनचा पट्टा पहिल्या तासाभरात बसतो आणि सैल होतो, म्हणून १० किलोमीटरवर एकदा, ५० वर पुन्हा आणि नंतर प्रत्येक थांब्यावर तो ओढून घट्ट करायचा. पट्ट्याची मोकळी टोकं गाठ मारून ठेवा, नाहीतर वाऱ्यात फडफडून ती रंग घासतात. सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे सायलेन्सर. सायकलचं खालचं चाक त्याच्या तोंडासमोर आलं की तासाभरात टायरचा रबर मऊ पडतो, आणि हे थांबून हात लावल्याशिवाय कळत नाही. दोन्हींत निदान एक फूट अंतर हवं. कार्बनची फ्रेम असल्या कॅरियरला वरच्या नळीवर लटकवू नका. तिरप्या नळीच्या लेडीज सायकलला मध्ये आडवा दांडा लावणारा अडॅप्टर लागतो.

टपावरचा कॅरियर घेतलात तर आधी उंची मोजा. दीड-पावणेदोन मीटरची गाडी, वर सव्वा मीटर सायकल. सोसायटीच्या पोडियमखालचं पार्किंग तुम्हाला रोजच्या सवयीने तोंडपाठ असतं आणि नेमकं परत येताना, थकलेल्या डोक्याने, गाडी सरळ आत घातली जाते. स्टीअरिंगवर ‘टपावर सायकल’ अशी चिठ्ठी चिकटवा.

आदल्या संध्याकाळी: सायकल आत घालणं

हे काम पहाटे करायला घेऊ नका. दोघांनी मिळून पहिल्या वेळी दीड तास लागतो, सराव झाला की चाळीस मिनिटं. पार्किंगच्या जमिनीवर जुनी चादर पसरा आणि सगळं तिच्यावरच करा. खाली पडलेला छोटा बोल्ट चादरीवर लगेच दिसतो.

मागच्या चाकावर चेन सगळ्यात लहान दातेरीवर आणा, म्हणजे चाक अलगद सुटतं. चाक निघालं की शिफ्टर दाबून डिरेलर आतल्या बाजूला घ्या. बाहेर काढलेला डिरेलर म्हणजे पुढे आलेलं कोपर, पहिला धक्का त्यालाच बसतो. चेन जुन्या सुती कपड्यात गुंडाळून फ्रेमला बांधा.

डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असतील तर चाक काढताक्षणी पॅडच्या फटीत प्लॅस्टिकचा स्पेसर किंवा तीन घड्या केलेला पुठ्ठा घाला. चाक नसताना चुकूनही लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि रणाच्या काठावर ते मागे ढकलत बसावं लागतं. हे स्पेसर विकत घ्यायची गरज नाही. नवी सायकल खोक्यातून येते तेव्हा पॅडमध्ये आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी नळीच्या) टोकांत ते असतात, दुकानदार ते टाकूनच देतो. ओळखीच्या दुकानात सांगून ठेवलं की मूठभर मिळतात. फोर्कच्या दोन टोकांमध्येही असा एक तुकडा बसवा. वरून वजन आलं तरी फोर्क आवळला जात नाही.

थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाऊन फोर्कमध्ये फिरवून बसणारा दांडा) असेल तर तो काढून खिशात टाकू नका. परत फोर्कमध्येच फिरवून ठेवा. पार्किंगच्या कठड्यावर राहिलेला अ‍ॅक्सल म्हणजे ६०० किलोमीटर जाऊन सायकल उभीच राहणार नाही, आणि त्या मापाचा अ‍ॅक्सल दसाड्यात मिळायचा नाही.

पेडल काढायला १५ चा पाना किंवा ६ अथवा ८ ची अ‍ॅलन की लागते. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. दोन्हींसाठी सोपी खूण म्हणजे पाना वर धरून तो सायकलच्या मागच्या बाजूला ढकलायचा. परत बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावा. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढण्याआधी उंचीवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. दोघांच्या टेपचे रंग वेगळे असू द्या, म्हणजे संध्याकाळच्या अंधुक उजेडात अदलाबदल होत नाही. हँडल रुंद असेल तर स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) तोंडाचे चार बोल्ट सैल करून ते वरच्या नळीला समांतर फिरवा, पण केबल आणि होज ताणली जात नाही ना, ते बघा.

आता फ्रेमला वेष्टन. हार्डवेअरच्या दुकानात एसीच्या पाइपवर चढवायचा काळा फोम मिळतो. दोन सायकलींना सहा-सात मीटर पुरतो. ब्लेडने उभा चिरून नळ्यांवर चढवा आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. ट्यूबचे पट्टे नायलॉनच्या दोरीपेक्षा केव्हाही चांगले. ते सरकत नाहीत आणि रंगही ओरबाडत नाहीत.

गाडीत खाली जाड गोधडी अंथरा. पहिली सायकल गिअरची बाजू वर करून आडवी ठेवा, तिच्यावर दुसरी गोधडी, मग दुसरी सायकल उलट्या तोंडाने. एकीचं हँडल दुसरीच्या मागच्या त्रिकोणाजवळ आलं की जागा निम्मी वाचते. चाकं वेगळ्या चादरीत गुंडाळून बाजूंना उभी करा. रोटर कोणत्याही वजनाखाली येता कामा नये. नवा रोटर जेमतेम १.८ मिलिमीटर जाड असतो. पाण्याचा कॅन त्याच्यावर कलंडला की तो वाकतो आणि पुढची सगळी राइड ‘झिंग झिंग’ करत घासत राहतो. शेवटी २५ मिलिमीटरचे दोन रॅचेट पट्टे गाडीच्या मागच्या कड्यांना अडकवून सगळा ढीग बांधा. तो गच्च बसायला हवा, पण नळी दबेल इतका आवळू नका. जोरात ब्रेक लागला तर बांधलेलं नसलेलं सगळं थेट तुमच्या पाठीवर येतं.

इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे: स्टेपनी. ती डिकीच्या तळाशी असते आणि आता तिच्यावर दोन सायकली आहेत. स्टेपनीतली हवा सामान भरण्याआधी तपासा. जॅक, चाकाचा पाना आणि लाल त्रिकोण बाहेर काढून पुढच्या सीटच्या मागे ठेवा. शक्य असेल तर स्टेपनीही बाहेर काढून सहज हाती येईल अशी ठेवा. महामार्गाच्या कडेला, ट्रक अंगावरून जात असताना सायकली उतरवत बसणं धोक्याचं आहे. गाडीच्या टायरमध्ये हवा भरताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा घ्या, आणि हवा टायर थंड असताना भरा.

सायकलच्या टायरमध्ये मात्र हवा कमी ठेवा. उन्हात बंद गाडी ६० अंशांपर्यंत तापू शकते. पहाटेच्या गारव्यात भरलेले १०० पीएसआय तेव्हा ११५ च्या आसपास जातात. टायर मर्यादेला टेकलेला असेल तर ट्यूब फुटू शकते. पाव हवा सोडून द्या आणि उभा पंप बरोबर घ्या.

पाणी, खाणं, पांघरूण

स्वतःचा तंबू लावून दोन दिवस राहायचं तर दोघांना ३० लिटर पाणी धरा: प्यायला माणशी रोज ४ लिटरप्रमाणे १६, स्वयंपाक आणि भांड्यांना ६, हातपाय धुवायला ४ आणि ४ राखीव. त्या भागात जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट लागतं, तेव्हा कॅम्पवर ‘पाणी आहे’ म्हणाले तरी ‘पिण्याचं आहे का’ हे फोनवरच विचारा. ठाण्यातून १० लिटर न्या आणि उरलेले कॅन विरमगामला भरा. दिवसभर २० किलो जास्तीचं वजन ओढायचं कारण नाही.

डब्यात दशम्या, धपाटे, लसणाची सुकी चटणी, गुळाचा खडा, शेंगदाणे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात आणि एका हाताने खाता येतात. हिवाळ्यात तिथे रात्री तापमान १० अंशांजवळ येतं, आणि ठाण्यात वाढलेल्या माणसाला ही थंडी उघड्यावर फार लागते. ५ अंशांपर्यंत ऊब देणारी स्लीपिंग बॅग आणि तिच्याखाली फोमची चटई घ्या. थंडी वरून जितकी येते, त्याहून जास्त जमिनीतून येते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तेव्हा गाडीत बाटली ठेवू नका.

वाट

पहाटे ४ ला सोसायटीचं गेट ओलांडा. या वेळेला कारण आहे. कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली आणि गायमुखचा चढ हा घोडबंदर रोडचा पट्टा एकदा अडकला की तासाचे दोन तास होतात, आणि हा उशीर संध्याकाळी तंबू लावताना उजेडातून वजा होतो. फाउंटन हॉटेलपाशी मुंबई–अहमदाबाद महामार्गावर लागलात की वर्सोव्याच्या खाडीपुलानंतरच्या पहिल्या पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबा. मागचं दार उघडून पट्टे हाताने हलवून बघा. घोडबंदरच्या खड्ड्यांनी जे सैल व्हायचं ते एव्हाना झालेलं असतं.

पुढे मनोर, चारोटी, तलासरी आणि आच्छाडनंतर गुजरात. वापी साडेसहाच्या सुमारास, कामरेज साडेआठला, भरूचचा नर्मदा पूल साडेनऊला, वडोदरा अकराला. दोन तासांनी चालक बदला, मग तुम्ही दमलेले असा वा नसा. गाडी न चालवणाऱ्याकडे नकाशा, टोल आणि खाणं. ही वाटणी घरीच ठरवली की भुकेल्या पोटी ‘तूच म्हणालास डावीकडे’ होत नाही. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचे मिळून पैसे आदल्या रात्रीच भरा.

दर थांब्यावर दहा मिनिटं चाला. टाचा वीस वेळा वर-खाली करा आणि एक पाय मागे टाकून मांडीच्या वरचा पुढचा भाग ताणा. तासनतास बसून हाच भाग आखडतो आणि सायकलवर कंबरदुखी होऊन तो बाहेर पडतो. पाणी दर दोन तासांना अर्धा लिटर तरी प्या. बायका शौचालयाच्या भीतीने पाणी तोडतात, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात डोकं धरून बसायची वेळ येते. यावर उपाय म्हणजे थांबे आधी ठरवणं: महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप आणि फूड प्लाझा नकाशावर खुणा करून ठेवा, तेवढ्यांवरच थांबा.

वडोदरा ते अहमदाबाद हा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग सरळ आणि कंटाळवाणा आहे, आणि दुपारची झोप इथेच येते. वडोदऱ्याला पोटभर जेवून यावर चढू नका. दशमी-चटणी खा, जेवण अहमदाबाद ओलांडल्यावर. शहरात शिरायचं नाही. एस. पी. रिंग रोडच्या दक्षिण बाजूने शांतिपुरा चौक गाठा, तिथून साणंदमार्गे विरमगाम. इथे पेट्रोल किंवा डिझेलची टाकी पूर्ण भरा, पाणी भरा, थोडी रोकड काढा. विरमगाम ते दसाडा तीसेक किलोमीटरच आहे, पण रस्त्यावर म्हशींचे कळप आणि मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. वेग साठच्या खाली ठेवा आणि हा टप्पा उजेडातच संपवा. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारला पोहोचलात तर दीड तास हातात राहतो आणि तो पूर्ण लागतो.

पोहोचल्यावर

आधी तंबू, मग सायकली, मग चहा. क्रम बदलला की सायकली बॅटरीच्या उजेडात जोडाव्या लागतात.

तंबूची जागा अभयारण्याच्या बाहेर, दसाडा, झैनाबाद किंवा बजाणाजवळच्या कॅम्पच्या आवारात आधी बोलून ठरवलेली असावी. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या टणक जमिनीत वाकतात आणि भुसभुशीत मातीत उपटून येतात. ८ मिलिमीटरच्या सळईच्या, फूटभर लांब, टोकाला वाकवलेल्या बारा खुंट्या वर्कशॉपमधून करून घ्या, त्या वर्षानुवर्षं टिकतात. वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला दार ठेवा.

सायकली उतरवताना पुन्हा चादर, आणि इथे तिचं कारण वेगळं आहे: वेडी बाभूळ. गुजरातीत हिला गांडो बावळ म्हणतात. तिचा वाळलेला काटा मातीच्या रंगाचा असतो आणि जमिनीवर टेकवलेल्या चाकात सरळ घुसतो. ट्यूबलेस टायर असतील तर त्यांत ठाण्यातूनच ताजं सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारं द्रव) घालून आणा. ट्यूब असतील तर दोघांत चार जादा ट्यूब, पंक्चरचे दोन संच आणि एक चिमटा. पंक्चर काढलं आणि काटा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर जाते. टायरच्या आतून कापूस फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा आहे.

जोडताना चाकं, सीटपोस्ट, हँडल, पेडल असा क्रम धरा. स्टेमचे बोल्ट आलटून-पालटून थोडेथोडे आवळा, सहसा ५ न्यूटन-मीटर, पण स्टेमवर छापलेला आकडा पाहूनच. सायकल उभी केल्यावर ब्रेकचा लिव्हर आठ-दहा वेळा दाबा. आडवी राहिल्याने ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत सरकलेली असू शकते. तरी लिव्हर मऊच राहिला तर ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे ती हवा काढल्याशिवाय, चालवू नका. मग मागे बसून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं दातेरीच्या बरोबर खाली सरळ रेषेत आहेत का? खालचं चाक आत झुकलेलं असेल तर हँगर वाकलाय. तसंच चालवलं तर सगळ्यात मोठ्या गिअरला डिरेलर स्पोकमध्ये जाऊन तुटतो. दोन्ही सायकलींचा एकेक जादा हँगर बरोबर असावा, कारण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो.

उजेड असेल तर गावाच्या डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर फिरून या, सगळे गिअर घालून बघा. रणात त्या संध्याकाळी जाऊ नका. अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते. सायकलने जाणार असल्याचं तिथे स्पष्ट सांगा आणि वाटाड्या घ्या. चारही बाजूंना सारखंच सपाट दिसत असल्याने दिशा चुकायला दहा मिनिटं पुरतात. जमीन फिकी, भेगाळलेली असेल तर टणक. गडद दिसते तिथे पापुद्र्याखाली चिखल आहे, चाक रुतलं की उतरून आल्या वाटेनेच मागे या. घुडखरांचा कळप दिसला तर सायकल थांबवा, त्यांच्या मागे लागू नका.

झोपण्याआधी चेनवर जुना कपडा टाकून सायकली झाका. पहाटे दव पडतं आणि रणातली क्षाराची धूळ ते शोषून घेते. याच कारणाने परत आल्यावरही दिरंगाई नको. ठाण्याच्या दमट हवेत हे मीठ ओल धरून बसतं आणि दोन-तीन दिवसांत बोल्टच्या डोक्यांवर, चेनच्या पिनांवर तांबूस गंज दिसायला लागतो. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडा, मग बादलीभर गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, चेनला थेंबथेंब तेल. जोराच्या फवाऱ्याने धुतलं तर खारट पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

बूट तंबूच्या आत घ्या, आणि सकाळी घालण्याआधी उलटे करून झटका. त्या भागात विंचू असतात.